उचलताना बोलायचं एकानेच

आमच्या कांताला तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तर हसालच. उंचीने एवढीशी, बांधा दणकट, आणि चाल अशी की मागून कोणी बँड वाजवतंय की काय. अर्धं आयुष्य फौजीबरोबर काढल्यावर दुसरं काय होणार? कोरेगावकडची पोर. लग्न झालं आणि पांडूभाऊजींच्या पाठोपाठ या छावणीतून त्या छावणीत फिरली. शेवटची दिल्ली कँट. भाऊजी रिटायर झाले, फरीदाबादच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागले, लेक सृष्टी शिकायला दिल्लीच्या मुनिरकात खोली घेऊन राहिली, आणि गावाला परत जाऊ जाऊ म्हणता ही मंडळी इथलीच होऊन गेली. मी अलका, माझाही नवरा फौजी, आणि आम्ही दोघी फरीदाबादच्या एका वृद्धांच्या केंद्रात अटेंडंट. सांगताना मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. त्या रविवारची आठवण निघाली की अजून माझा पाय एका जागी ठरत नाही.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना भरवायचं, पुसायचं आणि गोड बोलायचं. अरे, निम्मं काम उचलण्याचं आहे. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, बाथरूममधून पुन्हा खाटेवर. या कामात भल्याभल्यांच्या पाठी जातात. म्हणून आल्या आल्या केंद्राने ट्रेनिंग दिलं. एकट्याने कधी उचलायचं नाही. खुर्चीचा ब्रेक आधी लावायचा. समोरच्याच्या कमरेला पट्टा बांधायचा आणि तो पट्टा धरायचा, दंड धरून ओढायचं नाही. उचलताना दोघांपैकी बोलायचं एकानेच. आणि आपल्याला काही लागलं तर लपवायचं नाही, ऑफिसात सांगायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं?

कांताने मात्र ते सगळं अंगी बाणवून घेतलं. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि ड्युटीवर आली की बांगड्या काढून डब्यात. यावरून मी तिच्याशी कडाकडा भांडले होते, की सवाष्णीने मोकळ्या हातांनी हिंडायचं म्हणजे काय? तर म्हणाली, काच फुटली की म्हाताऱ्यांची कातडी लगेच फाटते, आणि आमच्या ह्यांचं आयुष्य काही माझ्या मनगटाला टांगलेलं नाही. अशी आहे ती. तिच्याशी भांडायलाही मजा येत नाही.

तर अण्णासाहेब. केंद्रातले एकुलते एक मराठी गृहस्थ. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात मोठ्या जागेवर होते, सगळी हयात दिल्लीत गेली. मुलगी चेतनाताई, त्याही सरकारी नोकरीत. ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाजवळ. दर रविवारी मेट्रोने येतात आणि येताना तिथल्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमधून बाबांसाठी थालीपीठ घेऊन येतात. पण अण्णासाहेबांची आठवण हळूहळू पुसत चाललीय. आधी ऑफिस पुसलं गेलं, मग माणसं, मग हिंदी. आता उरलंय ते लहानपण आणि मराठी. मुलीला ते शाळेतल्या बाई समजतात, डॉक्टरांना मास्तर. आणि आमच्या कांताला, जी त्यांच्या मुलीहूनही लहान, तिला म्हणतात अक्का. त्यांची थोरली बहीण होती म्हणे, तिने त्यांना वाढवलं. "अक्का, भांग पाड," म्हणून डोकं पुढे करायचे आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. कांता आपली "हो, अण्णासाहेब" म्हणत कंगवा घ्यायची.

आणि नेमके तेच अण्णासाहेब कांताच्याच हातून पडायला लागले.

पहिल्यांदा झालं ते सकाळी खाटेवरून खुर्चीत घेताना. एका बाजूला कांता, दुसऱ्या बाजूला श्याम. श्याम बिहारचा, ताडमाड उंच, स्वभावाने अगदी गरीब. पट्टा बांधलेला, ब्रेक लावलेला, पाय जमिनीवर सपाट, सगळं कसं शिकवल्याप्रमाणे. अण्णासाहेब उठले, जवळजवळ उभे झाले, आणि एकदम गुडघ्यात ढासळले. जमिनीला टेकायच्या आत कांताने त्यांना आपल्या मांडीवर झेललं. त्यांना खरचटलंही नाही. हिच्या पाठीत मात्र कट्कन आवाज झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग आणखी एकदा. डोकं फिरवणारी गोष्ट अशी की श्यामने दुसऱ्या कोणाबरोबर उठवलं तर अण्णासाहेब जड लागायचे, पण उभे राहायचे. मी उठवलं तरी राहायचे. फक्त कांता हात लावायची तेव्हाच बसकण मारायचे.

केंद्रात कुजबुज सुरू झाली. कांता घाई करते. कांता पट्टा ढिला बांधते. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची. ज्या बाईचा पट्टा दोन बोटं सरकत नाही तिच्यावर हा आळ? आणि ही बया मान खाली घालून ऐकून घेत होती, कारण तिच्या पाठीत कळा मारत होत्या आणि ते तिला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. एकदा मी तिला बाथरूमच्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून उभी असलेली पकडली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ऑफिसात सांग, ट्रेनिंगमध्ये तेच सांगितलंय. तर तिने माझं मनगट धरलं.

"अलका, माझ्या पाठीत जोर राहिला नाही म्हणून पडत असतील का गं ते?" ती म्हणाली. "तसं असेल तर मीच जायला पाहिजे. पण मग मी करू काय? मला दुसरं येतं काय?"

मी तिला विचारलं, पहिल्यांदा पडले तेव्हा पाठ दुखत होती का? नव्हती. मग झालं तर, कारण पाठीचं नाही. एवढं तिला पटलं. पण खरं कारण काय ते मलाही सांगता येईना. आणि पाठीचं ऑफिसात सांगायला ती काही तयार होईना. आधीच पाडणारी म्हणून नाव झालंय, त्यात पाठ गेली म्हटलं तर दाराबाहेर काढायला एवढंच निमित्त पुरेल, असं तिचं म्हणणं.

आमचे मॅनेजर जयदीप सर. दिल्लीतच वाढलेले मराठी. माणूस वाईट नाही, पण मराठी बोलताना चार शब्दांवर अडतात आणि मग 'यार' लावून पुढे जातात. चेतनाताईंनी त्यांच्याकडे तक्रार केली. त्यांचं तरी काय चुकलं? बाप तीनदा पडला म्हटल्यावर कोणाचाही जीव वर-खाली होईल. सरांनी आम्हाला बोलावून निकाल दिला. रविवारी चेतनाताईंसमोर कांताने अण्णासाहेबांना खाटेवरून उठवायचं, खिडकीपर्यंत चालवायचं आणि खुर्चीत बसवायचं. नीट झालं तर विषय संपला. नाही झालं तर कांताची सुट्टी, आणि अण्णासाहेब वरच्या मजल्यावर. वरचा मजला म्हणजे कठडे लावलेल्या खाटा. तिथे गेलेल्या माणसाला पडायची भीती नसते, कारण त्याला कोणी उभंच करत नाही.

बाहेर आलो तेव्हा कांताचे ओठ पांढरे पडले होते. मी सगळ्या जगाला शिव्या घालत होते.

आणि मग दोन दिवसांनी चहाच्या वेळी ते घडलं. अहो, काय सांगू, अजून अंगावर काटा येतो.

जेवणघरात आम्ही सगळे. श्याम अण्णासाहेबांना चालवून घेऊन आला होता. ते वॉकर धरून उभे, मागे त्यांची चाकाची खुर्ची ब्रेक लावून तयार, श्यामच्या हातात पट्टा. कांता त्यांच्यापासून चांगली लांब, टेबलाच्या या टोकाला. मी तिच्या कपात चहा ओतत होते. माझा हात सढळ, कप भरत आला, तशी कांता म्हणाली, "बस, बस."

आणि टेबलाच्या त्या टोकाला अण्णासाहेब धप्पकन खुर्चीत बसले. कोणी हात लावला नव्हता, कोणी काही सांगितलं नव्हतं. बसले, हात मांडीवर ठेवले, आणि शहाण्या मुलासारखं कांताकडे बघून म्हणाले, "बसलो, अक्का."

मी ओतत होते ती ओततच राहिले. चहा बशीत, टेबलावर, माझ्या चपलेवर. कांता माझ्याकडे बघते, मी कांताकडे. तिचे डोळे असे मोठे झालेले.

आलं का लक्षात? अहो, इकडे हिंदीत आम्ही दिवसभर काय बोलतो? बस हो गया, बस थोडा और, बस बस बस. दर वाक्याला बस. कांता अण्णासाहेबांशी मराठीत बोलायची, "उठा अण्णासाहेब, हळू, धरा मला," आणि ते वर आले की पलीकडच्या श्यामला म्हणायची, "बस, बस," म्हणजे पुरे, आता जोर नको लावू. श्यामला कळायचं पुरे. अण्णासाहेबांची हिंदी पार गेलेली. त्यांना फक्त एवढंच ऐकू यायचं की अक्का 'बस' म्हणाली. आणि थोरल्या बहिणीने बस म्हटल्यावर बसायचं नाही तर काय करायचं? आज्ञाधारक पोरगं ते, आहे तिथे बसायचं. मागे खुर्ची असो की नसो.

मी म्हटलं, थांब, आत्ताच्या आत्ता खात्री करू. खुर्ची नीट मागे लावली, पट्टा श्यामच्या हातात, आणि अण्णासाहेबांना पुन्हा उभं केलं. आधी श्यामला म्हणायला लावलं. तो म्हणाला बस, अण्णासाहेब ढिम्म. मग मी म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तू कोण गं मला सांगणारी? श्याम हसून हसून लाल. मग कांता पुढे झाली. घसा खाकरला आणि अगदी हळू म्हणाली, बस.

बसले. लगेच.

मी कांताला मिठीच मारली. ती "पाठ, पाठ" म्हणून विव्हळली आणि त्यातच हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. तिची पाठ नव्हती. तिचे हात नव्हते. एवढी गुणाची बाई आणि तिची जीभ तिचा घात करत होती.

मी तशीच धावत जयदीप सरांच्या केबिनमध्ये. एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग हसले. म्हणाले, अलकाताई, यार, एका शब्दाने कोणी पडतं का? मी म्हटलं, चला, दाखवते. तर म्हणाले, रविवारी दाखवा, सगळ्यांसमोर. मला एवढा राग आला की दार आपटून आले. अर्थात ते दार हळू बंद होणारं आहे, त्यामुळे आपटलं गेलं नाही.

आता झालं असं की कारण सापडलं, पण कांताच्या तोंडातून 'बस' जाईना. वर्षानुवर्षांची सवय ती. मी पहाऱ्यावर राहिले. तिने बस म्हटलं की चिमटा. पहिल्या दिवशी तिचा दंड हिरवानिळा झाला. वाढायला कोणी आलं की बस. फोन ठेवताना, चलो, बस, ठेवते. घरी पांडूभाऊजींनी वेगळाच बंदोबस्त केला. बस म्हटलं की ते ताडकन जमिनीवर मांडी घालून बसायचे, भाजीची पिशवी हातात असली तरी. एकदा म्हणे भर मंडईत बसले. आणि वर कहर म्हणजे ही घरी जाते बसने. स्टॉपवर उभी राहून मला म्हणाली, "अलका, आली बघ…" आणि पुढचा शब्द गिळून डोळे पांढरे करून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, गाडी म्हण गं, गाडी. हसण्याच्या नादात ती गाडी निघून गेली.

श्यामचीही शिकवणी घेतली. त्याला सांगितलं, रविवारी तू तोंड उघडायचं नाहीस, कांताकडे बघायचं आणि तिने मान हलवली की जोर थांबवायचा. तो म्हणाला, हे तर ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं, एकच जण बोलणार. सांगितलं होतं खरं. पण आम्ही समजत होतो की गोंगाट होऊ नये म्हणून असेल. पडणाऱ्या माणसाच्या कानात काय जातं हा विचार कोणी केला होता?

शनिवारपर्यंत कांताच्या तोंडातून तो शब्द गेला. पाठीची कळ मात्र गेली नाही. मी शेवटचं विचारलं, सांगतेस का आता? म्हणाली, उद्याचं होऊ दे.

रविवार उजाडला. चेतनाताई आल्या, बाबांच्या खोलीत भिंतीशी खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. जयदीप सर दाराशी. खिडकीजवळ रिकामी खुर्ची, मजबूत हातांची. मी नुसती बघायला. कांताने खाट खाली घेतली, ब्रेक बघितला, अण्णासाहेबांच्या पायांत बूट चढवले, पट्टा बांधला आणि दोन बोटं घालून बघितला. एका बाजूला ती, एका बाजूला श्याम, त्याचे ओठ घट्ट मिटलेले.

"उठा, अण्णासाहेब," कांता म्हणाली.

अण्णासाहेब जागचे हलले नाहीत. नवी माणसं बघून बावरले होते. दाराशी उभ्या सरांकडे बघत बसले. कांता पुन्हा म्हणाली, उठा, चला, खिडकीपाशी जाऊ. काही नाही. श्यामने जोर लावायला सुरुवात केली, कांताने डोळ्यांनी थांबवलं, कारण माणूस मनाने उठत नसेल आणि तुम्ही ओढलंत तर त्याचाही खांदा जातो आणि तुमचीही पाठ. सरांनी घड्याळाकडे बघितलं. चेतनाताईंनी सुस्कारा सोडला. सगळी तयारी केली होती ते पडू नयेत म्हणून, आणि इथे म्हातारा उठायलाच तयार नाही.

कांता त्यांच्याकडे बघत राहिली. मग चेतनाताईंकडे वळली. चेहरा लाजेने लालबुंद.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली.

आणि परत वळून, कमरेवर हात ठेवून, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "ऊठ रे. किती वेळ लोळणार? ऊठ बघू."

मी जीभ चावली. एवढ्या मोठ्या माणसाला, अख्खं खातं ज्याला सलाम करत होतं त्याला, त्याच्या लेकीसमोर अरे-तुरे. आमच्या घरी असं कोणी बोललं तर थोबाडीत बसेल. चेतनाताई तर खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

पण त्यांच्या आधी अण्णासाहेब उठले. अहो, उठले म्हणजे काय, स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या जोराने. पुढे झुकून, हात खाटेवर टेकून, सरळ वर. पट्ट्याला जेमतेम हात लागला होता. श्याम तोंड वासून बघत राहिला, कारण इतके दिवस तो पोत्यासारखं वजन उचलत होता आणि आज हातात वजनच नाही. आम्ही त्यांना उठा, उठा म्हणत होतो. त्या घरातल्या धाकट्या पोराला जन्मात कोणी उठा म्हटलं नव्हतं. त्याला वाटायचं, दुसऱ्याच कोणाला सांगतायत.

कांता म्हणाली, चल. चालले. हळू. हळू झाले. खिडकी किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी मनात 'बस म्हणू नकोस, बस म्हणू नकोस' एवढंच घोकत होते. एकदा श्यामचा पाय गालिच्याच्या कडेला अडला. सर दारातून ओरडणार तेवढ्यात मी त्यांना एवढ्या जोरात 'शू' केलं की ते खरंच गप्प झाले. कांताने अण्णासाहेबांना वळवलं. त्यांच्या पोटऱ्या खुर्चीला टेकल्या. ती खाली वाकली, खुर्ची हलत नाही ना ते बघितलं, त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर नेऊन ठेवले. सगळं झाल्यावर एक श्वास घेतला.

"बस," ती म्हणाली.

आणि ते बसले. अगदी मधोमध, पाठ टेकून.

मग चेतनाताईंनी पर्स खाली ठेवली. डोळे भरलेले. म्हणाल्या, आत्या असंच बोलायची त्यांच्याशी, शेवटपर्यंत. बाबा सेक्रेटरींच्या मीटिंगमधून यायचे आणि ती ओरडायची, हात धुऊन बस. त्या हसत होत्या आणि रुमाल शोधत होत्या. जयदीप सर 'वा, बिल्कुल, यार' असं काहीतरी पुटपुटत होते. मी तर श्यामची पाठ थोपटून थोपटून त्याला बेजार केलं.

तेवढ्यात अण्णासाहेबांनी कांताच्या पदराकडे हात नेला. पदर नाही, युनिफॉर्मचा कुर्ता होता, त्याचीच कड धरली.

"अक्का, तू कधीची उभी आहेस," ते म्हणाले. "तू पण बस ना."

कांताने सवयीने मान हलवली. खोलीत बसायला होतंच काय? एक खुर्ची त्यांची, एक चेतनाताईंची. अटेंडंटसाठी कुठल्याच खोलीत खुर्ची नाही, कोणी कधी ठेवलीच नाही. चेतनाताई उठल्या, आपली खुर्ची उचलली आणि कांताच्या मागे आणून ठेवली. कांता सरांकडे बघायला लागली. मी तिचा खांदा दाबला आणि बसवलं.

बसली. आणि चेहरा वाकडा झाला. तिने उठायचा प्रयत्न केला, नाही जमलं. पुन्हा केला. कपाळाला घाम. सगळे बघत होते. मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"सर," कांता म्हणाली, "माझ्या पाठीला लागलंय. ते पहिल्यांदा पडले तेव्हाच लागलं. मला उठता येत नाहीये."

सरांनी विचारलं, सांगितलं का नाही? आवाज चढला नव्हता, खरंच विचारत होते. कांताने त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, सांगितलं असतं तर ठेवलं असतंत? सर बुटांकडे बघायला लागले. उत्तर चेतनाताईंनी दिलं. म्हणाल्या, आधी यांना डॉक्टरकडे न्या, बऱ्या होईपर्यंत घरी राहू दे, आणि बाबांजवळची जागा यांचीच. दुसरं कोणी मला चालणार नाही. सर म्हणाले, हो, तसंच. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा कांताकडे बघून म्हणाले, आणि बऱ्या झालात की हे बाकीच्यांना तुम्ही शिकवा.

आता तिला उठवायचं होतं. मी दुसरा पट्टा आणला आणि तिच्या कमरेला बांधला, दोन बोटं घालून बघितला. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला श्याम येणार, तर सर पुढे झाले. बाह्या वर सारल्या, पट्टा धरला, अगदी बरोबर धरला. आणि जोशात म्हणाले, चलो कांताताई, रेडी? एक, दो…

"सर," कांता म्हणाली, "उचलताना बोलायचं एकानेच. मी बोलते."

सरांनी तोंड मिटलं. तिने पाय जमिनीवर सपाट टेकवले, सावकाश श्वास घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. आम्ही दोघं वाकून, पट्टा धरून, तिच्या शब्दाची वाट बघत उभे.